दुसऱ्या फराळाचे दिवस

दिवाळी सरल्यावर घासूनपुसून माळ्यावर गेलेला सोऱ्या महाराष्ट्रातल्या हजारो घरांत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खाली येतो. चकलीची भाजणी दळून आणली जाते, सुके खोबरे किसले जाते आणि करंजीचे कातणे कुठल्या डब्यात गेले याची शोधाशोध होते. नगर, जालना, सोलापूर, पुणे, मुंबई, कुठल्याही गावातल्या मराठी ख्रिस्ती वस्तीत या आठवड्यात संध्याकाळी चक्कर मारावी. चर्चमधून गाण्याच्या तालमीचे सूर आणि घराघरांतून तळणाचा वास एकदमच येतो. हा वर्षातला दुसरा फराळ. नाताळ आला की वर्तमानपत्रांतून केक, चांदणी आणि सांताक्लॉज यांची चित्रे छापली जातात, आमच्या पानांवरही ती दर वर्षी छापली गेली आहेत. त्या चित्रांत करंजी कधी आली नाही. आजचा अग्रलेख त्या करंजीसाठी आहे.

क्रोशाने विणलेल्या रुमालाखाली झाकून शेजारी जाणारे नाताळचे ताट ज्यांनी कधी उघडून पाहिले असेल त्यांना त्यात काय असते ते माहीत आहे. चकली, शेव, शंकरपाळे, चिवडा, रव्याचे नाहीतर बेसनाचे लाडू, ओल्या किंवा सुक्या सारणाच्या करंज्या, आणि मधोमध केकची एक फोड. केक पाहुणा, बाकी सगळे घरचे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली त्यांचे काम नगरला सुरू झाले, आणि १८४२ पासून तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. त्या काळात आणि त्यानंतर ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांची उपासना बदलली. पण पिठात घालायचे मोहन किती कडकडीत हवे, पाक एकतारी की दोनतारी, हे शिकवणारी सासू तीच होती आणि चूलही तीच होती. सणाच्या दिवशी गोडधोड तळायचे, ते आधी देवापुढे आणि मग शेजारी द्यायचे, ही सवय हाडीमांसी भिनलेली होती. ती नव्या सणाला जाऊन मिळाली.

तरीही ‘अय्या, तुमच्यातही करंज्या करतात?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. विचारणारीच्या मनात वाईट काही नसते, हे आम्ही मान्य करतो. पण जिला तो विचारला जातो तिला त्यातून एक गोष्ट पुरती कळते, की चार पिढ्या एका आळीत राहूनही आपल्याला मनातल्या मनात बाहेरचे धरलेले आहे. ‘तुम्ही किती छान मराठी बोलता’ हे कौतुकही याच जातीचे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत बसली त्याला आता चारशे वर्षे उलटून गेली. वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्यांची ओवी मराठी आणि व्यासपीठ मराठी, त्यांचे स्वयंपाकघर मराठी असल्याचे नवल वाटणे आता थांबायला हवे.

ताट एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यात जाते, हे आज साधे वाटते. ते साधे नव्हते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर कित्येक वर्षे आपले सोवळे सांभाळून होत्या. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यापर्यंत त्यांच्या मनाला किती मजल मारावी लागली, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी जसे लिहून ठेवले आहे तसे मराठीत दुसऱ्या कुणी क्वचितच लिहिले असेल. देवाने जाती केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी ग्रंथात सोडवला नाही. तो सुटला तेव्हा त्यांनी उठून सर्वांच्या हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. आपल्याकडे मनातला बदल खरा झाला की नाही, हे शेवटी ताटावर कळते. म्हणून शेजारच्या घरून आलेला लाडू कुणी मोडून तोंडात टाकला, तर ती मोठी घटना असते.

गोव्यात या देण्याघेण्याला नावच आहे. नाताळच्या गोडधोडाला तिथे आणि मंगळूरकडे ‘कुस्वार’ म्हणतात, आणि ते शेजारी वाटण्याला ‘कोंसुआद’. हा शब्द पोर्तुगीज. पोर्तुगालात तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या, कुटुंबाने एकत्र घेतलेल्या जेवणाचा होता. गोव्यात येऊन त्याचा अर्थ घराबाहेर पडला. घरच्यांनी मिळून खाण्याचे जेवण शेजाऱ्याकडे पोचवायचे ताट झाले. परक्या शब्दाला इथल्या मातीने दिलेला हा अर्थ आम्हाला मूळ अर्थापेक्षा मोठा वाटतो. आपला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला, जसे पाव, बटाटा, काजू, पेरू आणि पगार आले. पेरूचा गर साखरेत आटवून केलेली लालसर ‘पेराद’ गोव्यातल्या ताटात असते. फळ समुद्रापलीकडचे, नाव पोर्तुगीज, आणि आटवण्याची रीत आपल्या आंबापोळीच्या, फणसपोळीच्या घरात शोभेल अशी.

त्या ताटातली नेवरी मात्र अस्सल इथली. गोव्यातल्या हिंदू घरांत ती चवथीला होते, ख्रिस्ती घरांत नाताळला. कोकणात आणि देशावर तिलाच करंजी म्हणतात. नेवरी टिकली ती कशा काळातून टिकली, हेही लक्षात ठेवावे. गोव्यातल्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात नव्या ख्रिस्त्यांनी काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवून वरून मीठ घेणे, हेसुद्धा त्या यादीत गुन्हा ठरले. अ. का. प्रियोळकरांनी त्या काळावरचे आपले पुस्तक १९६१ साली प्रसिद्ध केले, त्यात हे सारे वाचायला मिळते. भाताच्या हंडीत मीठ कधी पडते यावर सत्तेची नजर असण्याचा तो काळ. तो गेला. ओले खोबरे, गूळ आणि तांदूळ यांनी गोव्याच्या बाईच्या हातून सुटायचे नाकारले, आणि आजोळची नेवरी सणाच्या मधोमध येऊन बसली. बाईने कुठे निषेध नोंदवला नाही. तिने सारण भरले आणि कड मुरडली.

त्याच ताटातला दोदोल एकदा तरी होताना पाहावा. नारळ फोडून, खवून, वाटून त्याचा दाट रस काढायचा, पातळ रस वेगळा. तांदळाचे पीठ आणि माडाचा काळा गूळ त्या रसात घालून मोठ्या भांड्यात चढवायचे आणि मग ढवळत राहायचे. थांबायचे नाही, कारण थांबले की बूड लागते आणि बूड लागले की सगळा दोदोल गेला. पहिल्या तासात मिश्रण पातळ असते, गप्पा चालतात. मग ते घट्ट होऊ लागते, ढवळणारे हात बदलतात, घरातल्या तरुण मुलांना हाक जाते. शेवटी नारळाचे तेल कडेने सुटते आणि काळाभोर, चकाकता गोळा भांड्याची साथ सोडतो. बेबिंकेला वेगळीच सबुरी लागते. अंड्यातले पिवळे बलक, नारळाचा रस, साखर, थोडा मैदा, जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो तांबूस झाला की त्यावर तुपाचा हात फिरवून पुढचा. कुठे सात थर, कुठे सोळा. ओव्हन घरोघरी येण्याआधी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून ही आच वरूनच देत. गोव्याच्या बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. दोदोलाच्या भांड्याशी उभ्या असलेल्या खांद्यांना मानांकन कुणी देत नाही.

वसईची गोष्ट सांगायची तर नाताळची सुरुवात मे महिन्यातच करावी लागेल. तिथल्या आणि मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, उत्तन, गोराई, मरोळ, वांद्रे इथल्या गावठाणांत, उन्हाळ्यात ‘बाटलीचा मसाला’ होतो. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, कुटायचा आणि गडद काचेच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग उतरत नाही. नाताळच्या दिवशी इंद्यालाला जी चव येते ती मेच्या उन्हातली असते. इंद्याल म्हणजे गोव्याचे विंदालू. लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले मांस. सोरपोतेल हे मांसाचे कालवण तर दोन-तीन दिवस आधी करून रोज उकळत ठेवायचे, मुरेल तसे रंगत जाते. त्यासोबत फुगे, माडीने फुगवलेल्या पिठाचे गोल गोल तळलेले गोळे. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, मग चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. राज्ये आली, गेली. वसईच्या वाडीतल्या केळी-पानवेलीबरोबर हा स्वयंपाक तिथेच राहिला.

देशावरच्या लहान गावांत ओव्हन नव्हता, बेकरी होती. आमच्या लहानपणी गावातल्या बेकरीच्या दारात वर्षातून दोनदा बायका-मुलांची रांग लागे. दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजून आणायला. आणि डिसेंबरात केकचे डबे घेऊन. भट्टी तीच, पत्रेही तेच. शेजारच्या मावशी डब्याच्या बुडाला कागदावर नाव लिहून चिकटवत, कारण पन्नास डब्यांत आपला ओळखायचा कसा? भट्टीवाले चाचा पावाचा घाणा निघाल्यावर उतरत्या आचेला केक लावत आणि कुणाचा करपला तर त्यांनाच जास्त वाईट वाटे. सुकामेवा काही घरांत रममध्ये भिजे, काही घरांत संत्र्याच्या रसात. पण रांगेत त्यावरून कुणी कुणाला कमी-जास्त लेखल्याचे आठवत नाही. गरम डबा फडक्यात धरून मावशींबरोबर घरी येताना त्या वाटेत म्हणायच्या, ‘आत्ता मागू नकोस हं, उद्या चर्चहून आल्यावर.’ तो वास नाकात घेऊन रात्रभर थांबणे हाही आमचा सण होता, आणि आम्ही तर त्यांच्या धर्माचेही नव्हतो.

हे सगळे कुठे लिहून ठेवलेले असते? बहुतेक कुठेच नाही. ‘पिठात पाणी किती घालू?’ असे विचारले की उत्तर येते, ‘मागेल तेवढं.’ पीठ किती मागते हे हाताला कळते, आणि हाताला कळायला त्या हाताशेजारी चार-पाच वर्षे बसावे लागते. जुन्या वह्या सापडतात, तेलकट डागांच्या, तर त्यात ‘चार आण्याचे खोबरे, दोन आण्याची वेलची’ असे लिहिलेले. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे गेले. ते माप आता कुणी लावून देऊ शकत नाही. ‘आजीच्या वाटीने तीन वाट्या’ हे तर त्याहून अवघड, कारण वाटी वाटण्यांत कुठल्या भावाकडे गेली ते विचारायचीही सोय उरत नाही. एक म्हातारी गेली की एक चव जाते. हे फक्त ख्रिस्ती घरांतले दुःख नाही. कोकणस्थांच्या, पाठारे प्रभूंच्या, दखनी मुसलमानांच्या, वडारांच्या, कुणाच्याही घरातले आहे. नाताळच्या निमित्ताने ते ठळक दिसते, कारण लहान समाजात कृती सांभाळणारे हातही मोजकेच असतात.

त्यावर उपाय म्हणून जिची आठवण आम्हाला पुनःपुन्हा येते ती आहे कुलकुल्यांची संध्याकाळ. मैदा आणि रवा नारळाच्या रसात मळायचा, बोराएवढ्या गोळ्या करायच्या, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायच्या, म्हणजे शंखासारखी रेघांची वळी होते. तळून साखरेच्या पाकात घोळवल्या की झाले. एकटीने करायला हा पदार्थ जिवावर येतो, किलोभर पिठाच्या शेकड्यांनी वळ्या होतात. म्हणूनच तो एकटीने करायची रीतच नाही. जेवणाचे टेबल पुसून किंवा जमिनीवर चादर अंथरून सगळे घर बसते, चार वर्षांचे पोरही, नुकते घरी आलेले जावईबापूही. पोराची वळी वाकडी होते, ती तशीच तळली जाते. आजोबा कुणाच्या लग्नात काय झाले ते सांगतात. शिकवणे असे वेगळे काही होत नाही, आणि तरी दहा वर्षांनी त्या पोराला पीठ किती मागते ते येत असते.

हल्ली तयार कुस्वारचे डबे मिळतात, दिवाळीच्या फराळासारखेच. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पंचवीस तारखेची सुट्टी असते, चोवीसची नसते. लोकल पकडून नऊला घरी पोचणाऱ्या बाईने मग करंज्या कधी तळायच्या? हे डबे भरणाऱ्याही बायकाच असतात आणि त्या पैशांवर त्यांच्या मुलांच्या फिया भरल्या जातात. सगळे विकत आणा. मात्र एक पदार्थ घरी करा, आणि तो सगळ्यांनी बसून करा. त्यात पुरुषांनीही बसावे हे वेगळे सांगावे लागते, याचा आम्हाला खेद आहे. सणाची चव सगळ्या घराने घ्यायची आणि पाठदुखी एकीने, ही परंपरा जपण्याच्या लायकीची नाही. ती जाईल तितके बरे.

ताट कुठे जाते, याचा एक नियम मात्र जपावा असा आहे. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे तळण होत नाही. आपल्याकडे दिवाळीत हे सर्वांना माहीत आहे. त्या घरी कढई चढत नाही, पण डबे रिकामे राहत नाहीत, कारण आळी ते भरते. अनेक ख्रिस्ती घरांतही नाताळला हेच होते. चांदणी लागत नाही, गोड होत नाही, आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत टेबलावर पाच-सहा घरची ताटे येऊन राहिलेली असतात. बोलायला शब्द नसतात, कुणी बोलतही नाही. ‘मुलांसाठी आणलंय’ एवढेच म्हणून ताट ठेवायचे असते. ज्यांच्या घरी असे ताट कधी आले आहे, ते ते विसरत नाहीत.

आता खंत सांगतो. हे ताट फिरायचे कमी झाले आहे. इमारतीच्या फाटकावर नोंदवहीत नाव लिहिल्याशिवाय कुणी वर येत नाही, शेजारच्या दारावरची पाटी वाचून आडनाव कळते, आणि त्याच आडनावावरून ताट न्यावे की नाही याचा विचार सुरू होतो. दोन्ही बाजूंनी. देणाऱ्याला धास्ती, की आपले घेतील का. घेणाऱ्याच्या मनात शंका, की यात काय असेल. अंडे वर्ज्य असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. नेवरी, पेराद, शेव, चकली यांत अंडे नसते, आणि ताट लावणारी बाई हे पुरते जाणून असते. शाकाहारी शेजारणीचे ताट ती केकची फोड वगळूनच लावते, तेही वेगळ्या झाऱ्याने, वेगळ्या तेलात तळून. एवढी काळजी घेऊन आणलेले ताट दारातून ‘आम्ही नाही खात’ म्हणून परत जाते, तेव्हा काय परत जाते याचा विचार नाही म्हणणाऱ्याने करावा. असे घडल्याचे आम्ही गेल्या काही वर्षांत वारंवार ऐकतो, आणि ज्या राज्यात लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तिथे ते ऐकावे लागावे, हे आम्हाला लाजिरवाणे वाटते.

आज-उद्या कुणाच्या ना कुणाच्या दाराची घंटा वाजेल. रुमालाने झाकलेले ताट घेऊन शेजारची मुलगी उभी असेल, नव्या फ्रॉकमध्ये, ताट सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेले. तिला आत बोलवा. ताट घ्या, तिच्यासमोर एक करंजी मोडून खा आणि आईला सांग छान झाली म्हणा. आणि ताट रिकामे परत देऊ नका. घरात दुसरे काही नसेल तर मूठभर साखर घाला.